मध्ययुगीन वेल्श कविता अभ्यासताना या चुका टाळा

चौदाव्या शतकातला दाविद आप ग्विलिम हा वेल्श भाषेतला सर्वांत नावाजलेला कवी. त्याच्यावर लिहिणारे पहिली ठेच खातात ती नावापाशीच. ‘आप’ म्हणजे ‘चा मुलगा’. ग्विलिम हे वडिलांचं नाव, आडनाव नव्हे. त्यामुळे ‘ग्विलिमच्या कविता’ असं लिहू नका, आणि सूचीतही त्याला दाविद या नावाखालीच शोधा. ‘डॅफिड’ही नको: वेल्शमध्ये एकेरी एफचा उच्चार व होतो, जोड एफचा फ. जोड एल म्हणजे आपला ळ नव्हे. जीभ ल-च्या जागी टेकवून कडेने नुसती हवा सोडायची. हे स्वतंत्र अक्षर आहे, म्हणून शब्दकोशात ते साध्या एलचे सगळे शब्द संपल्यावर येतं.

शब्दकोशात शब्दच मिळत नाही

ही तक्रार सगळ्यांची. कारण असं की वेल्शमध्ये आधीच्या शब्दामुळे पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन बदलतं. दाविदच्या समुद्रपक्ष्यावरच्या कवितेची पहिलीच ओळ घ्या: ‘अर उइलान देग आर लानु दिओइर’. यातला ‘उइलान’ मुळात ग्विलान, म्हणजे सीगल. नाम स्त्रीलिंगी, आधी ‘अर’ हे उपपद, म्हणून ग गळाला. पुढचं ‘देग’ हे मूळचं तेग (सुंदर). ‘लानु’ मूळचा जोड एलचा, अर्थ भरती. ‘आर’ (वर) या शब्दाने त्याचा साधा ल केला. तेव्हा स्वराने सुरू होणारा शब्द सापडला नाही तर आधी ग लावून बघा, द-चा त, ब-चा प आणि ग-चा क करून बघा.

मात्र मूळ रूपं ओळीत परत बसवू नका. या कवितेचा सगळा डोलारा ‘कङ्हानेद’वर, म्हणजे व्यंजनांच्या जुळणीवर उभा आहे. वरच्या ओळीचे ‘देग’नंतर दोन भाग पाडा आणि दोन्हींचं शेवटचं व्यंजन सोडा: पहिल्यात र-ल-न-द, दुसऱ्यातही र-ल-न-द. ‘देग’चं ‘तेग’ केलंत की जुळणी मोडलीच.

अवयव आठ, हवेत सात

‘कविद’ या छंदात प्रत्येक ओळीत सात अक्षरावयव (सिलेबल) असतात. मोजताना आठ आले की लगेच हस्तलिखित उतरवणाऱ्या नकलकाराला दोष देऊ नका. आजचा वेल्श माणूस ‘ला-नु’ असे दोन अवयव म्हणतो, पण जुन्या छंदात शेवटचा उ मोजत नाहीत. ‘लानु’ एकच, ‘दिओइर’ही एकच. आता मोजा, बरोबर सात. ‘दिओइर’ म्हणजे ‘खरोखर, देवाशपथ’. असे मध्येच घुसवलेले उद्गार दाविदकडे जागोजाग आहेत. ते आधी पेन्सिलीने कंसात टाका, मग क्रियापद शोधा. नाहीतर भाषांतर हमखास भरकटतं.

कविता नक्की कोणाची?

व्यंजनं चोख जुळली म्हणून कविता दाविदची, हा निष्कर्ष सर्वांत महागात पडतो. 1789 साली लंडनमध्ये त्याच्या कवितांचा संग्रह छापला गेला. त्याच्या पुरवणीत योलो मोर्गानुग (1747–1826) याने पाठवलेल्या कविता आहेत. योलो मूळचा ग्लॅमॉर्गनचा पाथरवट, पण छंदावर त्याची पकड अशी की स्वतः रचलेल्या कविता त्याने दाविदच्या नावावर बेमालूम खपवल्या. वेल्श अभ्यासक ग्रिफिथ जॉन विल्यम्स यांनी 1926मध्ये हे पुराव्यानिशी उघड केलं. संपादक टॉमस पॅरी यांनी दाविदच्या कवितांच्या 1952च्या आवृत्तीत हस्तलिखितं पडताळून 154 कविताच दाविदच्या मानल्या.

म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकातून किंवा भाषांतरातून उतारा घेताना ती कविता पॅरींच्या यादीत आहे का ते आधी बघा. नसेल तर निदान ‘दाविदच्या नावावर असलेली’ एवढंच लिहा. पुरवणीतली असेल, तर योलोची म्हणूनच वाचा. कवी म्हणून तो काही किरकोळ नव्हता.