आधी श्वास सोडायला शिका

प्राणायाम शिकायला बसलेला माणूस पहिल्यांदा काय करतो, तर छाती फुगवून भलामोठा श्वास घेतो. गडबड तिथूनच सुरू होते. ‘योगसूत्रां’त मन शांत करण्याचे वेगवेगळे उपाय सांगताना पतंजलींनी श्वासाबद्दल एक सूत्र दिलं आहे: ‘प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य’ (1.34). प्रच्छर्दन म्हणजे श्वास बाहेर टाकणं. सूत्राचा पहिला शब्दच सोडण्याचा आहे. नवशिक्याने एवढं एक धरून पहिला महिना काढला, तरी पुढची वाट निम्मी सोपी होते. म्हणून इथला क्रम असा: बैठक, रेचक (श्वास सोडणं), नाडीशुद्धी (एकेका नाकपुडीने श्वास घेणं-सोडणं) आणि मग नामजप.

तत्त्व थोडंच, पण ते बसण्याआधी माहीत हवं. ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’, म्हणजे मनाच्या वृत्ती आवरणं हाच योग. याचा अर्थ बरेच जण ‘विचार बंद करणं’ असा घेतात आणि पाचव्या मिनिटाला ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून उठतात. पतंजलींनी वृत्ती पाच सांगितल्या आहेत: प्रमाण (खरं ज्ञान), विपर्यय (चुकीचं ज्ञान), विकल्प (नुसती कल्पना), निद्रा आणि स्मृती. डोळे मिटून बसल्यावर त्यातल्या तीन फार भेटतात. काल कोण काय बोललं ते आठवतं, ती स्मृती. उद्या आपण त्याला काय सुनावू याचं मनोराज्य चालतं, तो विकल्प. आणि डुलकी. त्या क्षणी कोणती वृत्ती आली आहे एवढं ओळखायचं आणि श्वासावर परतायचं. पतंजली अभ्यासाची व्याख्या ‘यत्न’ अशीच करतात: स्थिर राहण्याचा प्रयत्न म्हणजे अभ्यास (1.13). वीस मिनिटांत चाळीस वेळा मन पळालं आणि चाळीस वेळा परत आणलं, तर अभ्यास चाळीस वेळा झाला. आलेल्या विचारामागे न जाणं हा त्यातला वैराग्याचा भाग.

सुरुवात श्वासापासून का, हेही सूत्रांतच आहे. मन विस्कटलं की त्याच्यासोबत काय काय येतं, ते 1.31 मध्ये मोजून दिलं आहे: दुःख, दौर्मनस्य, अंग थरथरणं आणि बिघडलेला श्वास-प्रश्वास. दुःख आणि खिन्नता यांना थेट हात घालता येत नाही. अंग आणि श्वास यांना घालता येतो.

बैठक

पतंजलींची प्राणायामाची व्याख्या ‘तस्मिन् सति’ या शब्दांनी सुरू होते. ते झाल्यावर, म्हणजे आसन जमल्यावर. इथे आसन म्हणजे अवघड घडी नव्हे. स्थिर आणि सुखाचं असलं की पुरे.

मांडी घालून बसा आणि गुडघे कुठे आहेत ते बघा. ते कमरेपेक्षा वर असतील तर पाठीला पोक येणारच, पोट दाबलं जाणार आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला, खाली सरकायला जागाच उरणार नाही. घोंगडी किंवा चादर घडी करून बैठकीच्या हाडांखाली सरकवा, साधारण 8 ते 10 सेंटिमीटर उंच. घडीच्या पुढच्या कडेवर बसायचं, मधोमध नाही. तरीही गुडघे अधांतरी राहत असतील तर त्यांच्याखाली उशा द्या. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीवर बसा, फक्त पाठ न टेकता आणि दोन्ही तळवे जमिनीवर ठेवून. भिंतीला टेकून बसायला हरकत नाही, मात्र टेकताना कंबर भिंतीपासून पुढे घसरू देऊ नका.

वेळ सकाळची चांगली, शौच झाल्यावर, चहाआधी. जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत. पंख्याचा झोत थेट अंगावर नको.

रेचक

पहिले दोन आठवडे श्वासाचं एवढंच करायचं. एक तळहात बेंबीवर ठेवा. तोंड बंद, दातांवर दात न टेकवता जबडा सैल. आपोआप चाललेले पाच-सहा श्वास नुसते बघा. मग नाकाने सावकाश श्वास सोडा. हाताखालचं पोट हळूहळू आत जाईल. सोडून झाल्यावर श्वास ‘घेऊ’ नका. पोट सैल सोडा, तो आपण होऊन आत येतो. हा क्षण नीट अनुभवण्यासारखा आहे: पोट ढिलं पडतं आणि हात किंचित पुढे ढकलला जातो, खांदे मात्र जागचे हलत नाहीत. खांदे वर गेले तर समजा, श्वास ओढला गेला.

मोजायचं ते मनात, एक मात्रा म्हणजे साधारण एक सेकंद. घेताना 3, सोडताना 4. हे पाच मिनिटं आरामात जमलं की 4 आणि 6 करा. मग एका श्वासाला दहा सेकंद होतात, मिनिटाला सहा श्वास. आकडा वाढवायची घाई नको. शेवटच्या मात्रेला पोट आवळून हवा पिळावी लागत असेल, किंवा पुढचा श्वास हापापल्यासारखा आत येत असेल, तर प्रमाण जास्त झालं. एक पायरी खाली या. ही खूण घड्याळापेक्षा खरी.

रेचक लांब ठेवण्याचं कारण शरीरात आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. मनगटावरची नाडी धरून सावकाश श्वासोच्छ्वास केला तर पुष्कळांना हा फरक बोटांखाली कळतो.

उलट, भराभर आणि खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. याला कोणी कुंडलिनीचा अनुभव वगैरे म्हणालं तर विश्वास ठेवू नका. थांबा, साधा श्वास चालू द्या, दोन-तीन मिनिटांत ते ओसरतं.

नाडीशुद्धी

तिसऱ्या आठवड्यापासून. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा तळव्यात मिटा. अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर, करंगळी अनामिकेला चिकटून. बोट नेमकं कुठे ठेवायचं ते महत्त्वाचं: नाकाचं हाड वरून खाली चाचपत या, ते संपून मऊ भाग सुरू होतो तिथे. हवा थांबण्यापुरताच दाब द्यायचा. जोराने दाबलं की मधला पडदा दुसऱ्या बाजूला कलतो आणि उघडी नाकपुडीही अरुंद होते. मग श्वास शिट्टीसारखा वाजतो.

आधी दोन्ही नाकपुड्यांनी श्वास सोडून घ्या. उजवी बंद करून डावीने 4 मात्रा घ्या. डावी बंद करून उजवीने 6 मात्रा सोडा. उजवीनेच 4 घ्या, डावीने 6 सोडा. हे एक आवर्तन, वीस सेकंदांचं. सहा आवर्तनांनी, म्हणजे दोन मिनिटांनी सुरुवात करा आणि दोन-तीन आठवड्यांत पंधरापर्यंत या.

हात अवघडला की कोपर खाली येतं आणि डोकं त्याच्यामागे उजवीकडे झुकतं. डाव्या हाताचा तळवा उजव्या कोपराखाली आधाराला द्या. एक नाकपुडी थोडी चोंदलेली वाटणं स्वाभाविक आहे; काही तासांनी मोकळी बाजू आपोआप बदलते. सर्दीने दोन्ही बंद असतील तर त्या दिवशी नाडीशुद्धी सोडा.

कुंभक, म्हणजे श्वास कोंडून धरणं, अजून नाही. घेणं, कोंडणं, सोडणं यांचं पारंपरिक 1:4:2 हे प्रमाण ऐकून कित्येक जण आल्या आठवड्यातच श्वास कोंडायला लागतात. कोंडलेला श्वास भसकन सुटतो आणि एवढा जमवलेला रेचक हातचा जातो. कुंभक समोर बसवून शिकवणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच घ्यावा. कपालभाती आणि भस्त्रिका या झटक्याच्या श्वासप्रकारांचंही तेच.

नामजप

जप मात्र पहिल्या दिवसापासून चालतो. मोठ्याने म्हटलेला जप हा मुळात रेचकच आहे, कारण बोलणं सोडत्या श्वासावर होतं. ‘राम कृष्ण हरी’ एका श्वासात दोन-तीनदा म्हणून बघा. सोडणं आपोआप लांबतं आणि मधला पूरक, म्हणजे श्वास घेणं, गुपचूप होऊन जातं. 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात लॅटिन प्रार्थनेची माळ आणि योगमंत्र या दोन्हींनी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आलेली दिसली होती. वारकऱ्यांचं भजन ऐकलेल्याला यात नवल वाटू नये.

मंत्र एकच घ्या आणि बदलू नका. ‘राम कृष्ण हरी’ हा गुरू बाबाजींनी दिलेला मंत्र, असं तुकोबांनी स्वतः अभंगात सांगितलं आहे. तो म्हणायला कोणालाही आडकाठी नाही. समर्थ संप्रदायातला ‘श्रीराम जय राम जय जय राम’ तेरा अक्षरांचा आहे. ॐ चालेल, सोऽहम् चालेल, आपापल्या धर्मातलं नाव चालेल.

माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लावत नाहीत. 108 मणी झाले की मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मणी, ओलांडायचा नाही, माळ फिरवून परत निघायचं. हात छातीशी धरून दुखतो, म्हणून मांडीवर रुमाल घेऊन त्यावर टेकवा. एका नामाला दोन सेकंद धरले तर माळ साडेतीन-चार मिनिटांत होते.

पहिले काही आठवडे वाचिक, म्हणजे ऐकू येईल असा. मग उपांशु: ओठ हलतात, आवाज नाही. मग मानस. मानस जपात ‘राम कृष्ण हरी’ची सहा अक्षरं रेचकाच्या सहा मात्रांवर बसवा: रा, म, कृ, ष्ण, ह, री. पूरक निःशब्द. या गतीने एका माळेला अठरा मिनिटं लागतात, त्यामुळे सुरुवातीला 27 नामांवर थांबा, साडेचार मिनिटं होतात.

इथे हमखास दोन गोष्टी बिघडतात. पहिली, नाम श्वासाला ओढायला लागतं आणि छाती आवळते. तसं झालं की नाम सोडा, दहा श्वास नुसते जाऊ द्या, मग नाम पुन्हा सोडत्या श्वासावर अलगद ठेवा. दुसरी, झोप. माळ हातातून निसटली की समजायचं. डोळे अर्धे उघडा, मानसावरून उपांशुवर या, तरी जमलं नाही तर मोठ्याने म्हणा.

श्वासाकडे लक्ष दिल्यावर काहींची घालमेल वाढते. त्यांनी श्वास मोजूच नये, डोळे उघडे ठेवून मोठ्याने जप करावा. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, गर्भारपण किंवा पोटाची नुकती झालेली शस्त्रक्रिया असेल तर श्वास कोंडणं आणि झटके देणं पूर्ण वर्ज्य. सहज रेचकसुद्धा डॉक्टरांना विचारून, आणि चालू औषधं तशीच ठेवून.

जप संपल्यावर लगेच उठू नका. दोन मिनिटं काहीही न करता बसा, पायाला मुंग्या आल्या असतील तर पाय लांब करून पोटऱ्या चोळा, मग उठा. काही दिवस खंड पडला तर राहिलेल्या माळा भरून काढायला जाऊ नका. पुन्हा 3 आणि 4 वर बसा, दोन-तीन दिवसांत श्वास जुन्या जागी येतो.