खुराडी बनवायचा धंदा करताय? आधी चार खुराडी झाडून बघा

मी विकलेलं पहिलं खुराडं आठ महिन्यांनी परत आलं. म्हणजे आलं नाही, गिऱ्हाइकाने फोन करून सांगितलं की येऊन घेऊन जा. दिसायला एक नंबर होतं, उतरतं छप्पर, खिडक्यांना पांढऱ्या चौकटी, फोटो अजून आहे माझ्याकडे. फक्त आत हात घालायला दार होतं दीड फुटाचं. त्या बाईंना भुसा काढायला गुडघ्यावर बसून खांद्यापर्यंत आत शिरावं लागायचं, तरी मागचा कोपरा हाताला लागायचा नाही, म्हणून त्यांनी तो कोपरा झाडणंच सोडून दिलं आणि मग काय, वास, ओल, माइट (कोंबडीचं रक्त पिणारे बारीक किडे), शेवटी दोन कोंबड्या गेल्या. मी आधी चिडलोच, म्हटलं यांना नीट ठेवता येत नाही आणि खापर माझ्यावर. मग ते खुराडं घरी आणून स्वतः साफ करायला बसलो. पाऊण तास गेला आणि डोक्याला दोनदा वासा लागला. राग तिथेच उतरला.

तर नवीन कोणी विचारलं की कुठून सुरुवात करू, मी सांगतो डिझाइनचं नंतर बघू, आधी दुसऱ्यांची खुराडी दुरुस्त करायची कामं घ्या. पैसे फार नाही सुटत पण जे कळतं ते कुठे शिकायला मिळत नाही. मी जवळजवळ वर्षभर हेच केलं. कुठली बिजागरी आधी सुटते, प्लाय कुठून फुगतो (कापलेल्या कडेतून, नेहमी कडेतून, त्यामुळे कडा रंगात अक्षरशः बुडवून काढा), पाणी कुठून आत येतं, सगळं डोळ्यासमोर असतं. आणि मुख्य म्हणजे माणूस ते खुराडं वापरतो कसं ते दिसतं.

जाळीचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी तिथे बघितलंय. ती षटकोनी भोकांची पातळ जाळी, जिला सगळे कोंबडीची जाळी म्हणतात, ती कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, बाहेरच्याला बाहेर ठेवायला नाही. कुत्रा ती दाताने फाडतो, आणि उंदीर, साप, मुंगसाचं पिल्लू भोकातूनच आत येतं. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या, म्हणजे तारा सांध्यावर वेल्ड केलेली चौकोनी भोकांची जाळी, १९ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा) चालते, आणि घेताना विचारा की वेल्ड करून मग गॅल्व्हनाइज केलीय, म्हणजे जस्ताचा थर दिलाय, की आधी, कारण आधी केलेली असली तर सांध्यापासून गंज धरते. ती नुसत्या स्टेपलने ठोकू नका, ओढली की निघते. वर लाकडाची पट्टी ठेवून स्क्रू मारा नाहीतर स्क्रूखाली मोठे वॉशर लावा. आणि खालून उकरून आत येणाऱ्यांसाठी जाळी भिंतीलगत बाहेरच्या बाजूला दीड फूट जमिनीवर आडवी पसरायची, वर थोडी माती टाकायची. उकरणारा प्राणी भिंतीला चिकटून उकरायला लागतो, मागे सरकून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही, त्यामुळे एवढं पुरतं. कडी मात्र अशी हवी की दोन हालचाली केल्याशिवाय उघडणार नाही. नुसता फिरवायचा लाकडी तुकडा लावला तर एखाद्या वादळी रात्री तो आपला आपण फिरतो, मी बघितलंय.

आता माप. बाजारात तयार किट मिळतात त्यावर लिहिलेलं असतं ६ कोंबड्यांसाठी, आणि आत नीट मावतात दोन, फार तर तीन. साधा हिशोब असा की मध्यम आकाराच्या एका कोंबडीला आत ४ चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीच्या वावरात ८ ते १०. बसायच्या दांडीवर प्रत्येकीला ८ ते १० इंच. अंडी घालायचा खोका ३-४ कोंबड्यांत एक, फूटभर लांब, फूटभर रुंद, तेवढाच उंच. जास्त खोके दिले तरी सगळ्या एकाच खोक्यासाठी भांडतात, का ते त्यांनाच माहीत.

यावरून माझं नेहमीचं मॉडेल सांगतो. प्लायची शीट ८ बाय ४ ची येते. त्यातून ६ बाय ४ चा तळ काढला की २४ चौरस फूट, म्हणजे ६ कोंबड्या बरोबर बसतात, आणि उरलेल्या २ बाय ४ मधून खोक्यांची एकेक फुटाची पाटं निघतात. सहा फुटाची दांडी एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीपर्यंत, लागते पाच फूट, म्हणजे एक फूट मोकळी. शीट डोक्यात ठेवून डिझाइन केलं तर कचरा कमी होतो. पहिल्या वर्षी मी आधी सुंदर चित्र काढायचो आणि मग शीट कापायचो, पैसे असे वाया गेले की विचारू नका.

दांडी खोक्यापेक्षा उंच हवी, हे विसरलात तर कोंबड्या खोक्यात झोपणार आणि सकाळी अंडी शिटेत. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा शोधते एवढंच त्यामागचं कारण. दांडी गोल बारीक नको, दोन इंच रुंद चपटी, कडा रंध्याने मारलेली. आणि ती खाचेत नुसती ठेवायची, ठोकायची नाही, कारण लाल माइट दिवसा लाकडाच्या फटीत बसतात आणि रात्री येऊन रक्त पितात, दांडी काढता आली तर माणूस टोकं तपासतो, ठोकलेली असली तर कोणी बघत नाही. ही जात खाण्याशिवाय कित्येक महिने तग धरते, त्यामुळे रिकामं खुराडं चार महिने पडून होतं म्हणून स्वच्छ असेल असं समजू नका. याच कारणाने छपराला डांबरी फेल्ट लावणं मी बंद केलं, त्याच्याखाली यांची वसाहत होते. पन्हळी पत्रा बरा, फक्त उन्हात तापतो म्हणून खाली हवेला जागा सोडायची.

हवेबद्दल नवीन माणूस हमखास चुकतो, मीही चुकलो. वाटतं की कोंबड्यांना थंडी वाजेल, मग सगळं गच्च बंद. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशाच्या आसपास असतं, पिसं असतात, कोरडी थंडी ती सहन करते. ओल सहन करत नाही. ताज्या शिटेत तीन चतुर्थांश पाणीच असतं, वर श्वासाची वाफ, ती बाहेर गेली नाही तर तुरे गारठतात, अमोनिया साचतो, डोळे आणि श्वासाचे आजार सुरू. म्हणून भोकं वर ठेवा, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्याही वर, समोरासमोरच्या दोन बाजूंना, जाळी लावून, आणि छप्पर पुढे काढून म्हणजे पाऊस आत येणार नाही. तपासायची माझी पद्धत म्हणजे सकाळी कोंबड्या बाहेर सोडायच्या आधी आत डोकं घालून कोंबडीच्या उंचीवर वास घ्यायचा. डोळे चुरचुरले तर भोकं कमी आहेत.

लाकडात स्वस्ताई करताना जपून. पॅलेटची लाकडं फुकट मिळतात, वापरा, पण त्यावरचा शिक्का बघा, एचटी म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं, ते चालतं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, किडे मारायचा विषारी वायू, ते नको. जुन्या रंगाच्या फळ्या नकोत, जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोंबडी टोचते आणि ते अंड्यात उतरतं. आधी कुठे वापरलेलं ते माहीत नसलेलं जुनं प्रक्रिया केलेलं लाकूडही नको, त्यात आर्सेनिक असायचं.

अजून एक, काम संपलं की जागेवर लोहचुंबक फिरवा. कोंबडी चमकणारं काहीही गिळते, जाळीचे कापलेले तुकडे, स्टेपल, स्क्रू, काहीही, आणि आतून जखम होऊन मरते. चुंबक दोरीला बांधून फिरवायचा, पाच मिनिटांचं काम. जाळीची टोकं मात्र चुंबकात कमी आणि तळहाताला जास्त लागतात, हातमोजे घाला.

पैशाचं बोलतो आता, नाहीतर सगळं सुतारकामच होईल. सुरुवातीला मी सामानाचा खर्च काढायचो, त्यावर ३० टक्के लावायचो आणि खूश. दोन चुका. एक तर शंभराची वस्तू १३० ला विकली तर नफा ३० टक्के नाही, विक्रीच्या २३ टक्के झाला. विक्रीच्या ३० टक्के हवे असतील तर ०.७ ने भागा, म्हणजे साधारण १४३. दुसरी चूक मोठी, माझे तास त्यात नव्हतेच. एकदा घड्याळ लावून लिहून काढलं, एक खुराडं म्हणजे लाकूड कापायचे तास कमीच, रंगाचे दोन हात, वाळायची वाट बघणं, गिऱ्हाइकाशी फोन, सामान आणायला जाणं, पोचवणं, तिथे उभं करणं यातच निम्मा वेळ. ब्लेड, स्क्रू, सँडपेपर, भाड्याची गाडी हेही धरा. मग भाव वाढवावा लागला आणि अर्धी चौकशी गळून गेली. गळू दे. जी उरली ती माणसं स्वस्त खुराडं एकदा घेऊन पस्तावलेली होती, त्यांना किंमत समजावून सांगावी लागत नाही.

आगाऊ निम्मे पैसे घेतल्याशिवाय लाकूड कापू नका. ओळखीच्यांकडून तर आधी घ्या.

पोचवणं हा वेगळाच ताप. अख्खं बनवून नेलं आणि ते गिऱ्हाइकाच्या फाटकातून आत गेलं नाही, असं माझं दोनदा झालंय (हो, दोनदा). आता भिंती सुट्या पॅनलच्या करतो, दोन माणसांना उचलता येतील एवढ्या, आणि बोल्टने जोडतो. ऑर्डर घेताना विचारायचं की फाटक केवढं, वाट केवढी, जमीन सपाट आहे का, पाणी साचतं का. त्यांच्याकडे कोंबड्या किंवा कोंबडा पाळायला परवानगी आहे का हेही त्यांनाच चौकशी करायला सांगायचं, कारण नियम जागोजागी वेगळे असतात आणि खुराडं उभं राहिल्यावर कळलं तर वैताग तुम्हाला.

आणि किती कोंबड्या ठेवणार हे विचारलं की माणूस चार सांगतो. सहाचं घ्या म्हणायचं. पिल्लं आणली की मोजणी राहत नाही, एखादी खुडूक बसते, शेजारी दोन तलंगा (तरुण कोंबड्या) देतो, वर्षात आठ होतात. जास्तीचं विकायचं म्हणून हे सांगायचं नाही, वर्षाने गर्दी झाली की वास येतो, कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात आणि नाव खुराड्याचं खराब होतं.

विकलेल्या प्रत्येक खुराड्याला वर्षाने एकदा भेट देतो, फुकट. कडी घट्ट करतो, दांडीची टोकं बघतो, आणि स्वतः एकदा झाडून काढतो, दहा मिनिटांत झालं पाहिजे. त्या पहिल्या बाईंना मी नंतर दुसरं करून दिलं, निम्मे पैसे परत देऊन, दार माणूस उभा आत जाईल एवढं, दांडीखाली सरकवून बाहेर काढायचा पत्र्याचा ट्रे, कारण कोंबडीची निम्मी शीट रात्रीच पडते. गेल्या वेळी गेलो तेव्हा त्यांच्या सहाच्या अकरा झाल्या होत्या आणि दुसऱ्या खुराड्याचं माप त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं, वहीत, फाटकाच्या रुंदीसकट.