‘येताना दोनदा बंद पडली हो!’ : वायरिंगमधला लपंडाव पकडायचा कसा

गाडी गॅरेजमध्ये शिरली की बिघाड हमखास पळून जातो. मालक सांगत असतो, ‘येताना दोनदा बंद पडली हो, आता बघा कशी शहाण्यासारखी चाललीय!’ खोटं बोलत नसतो बिचारा. कायमचा तुटलेला तार शोधणं सोपं, अधूनमधून जोडला जाणारा शोधणं कठीण. म्हणून माझा शिरस्ता असा, की बिघाड हवा तेव्हा समोर आणता येईपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही. ‘हा सेन्सर टाकून बघू’ म्हणत तीन सेन्सर बदललेल्या आणि तरीही तशाच बंद पडणाऱ्या गाड्या मी पुष्कळ पाहतो.

आधी प्रश्न विचारायचे. कधी होतं? इंजिन गरम असताना, खड्ड्यात आपटल्यावर, पावसात, की स्टिअरिंग एका बाजूला वळवल्यावर? आणि त्या क्षणी आणखी काय काय बंद पडलं? या दुसऱ्या प्रश्नाला लोक ‘काही नाही’ म्हणतात, पण मी सोडत नाही. मीटरचे काटे पडले का, रेडिओ बंद झाला का, ब्लोअरचा आवाज बदलला का? चार गोष्टी एकदम गेल्या तर त्या चारांना सामाईक असलेला सप्लाय किंवा अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट, बघायचं. एकच गेली तर तिचा स्वतःचा स्विच, रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा कपलर (तारा जोडणारा प्लग).

उत्तरांवरून दिशा मिळते. गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर काहीच झालं नाही अशी सुरू होते, तेव्हा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या संगणकाला सांगणारा), फ्युएल पंप किंवा रिलेच्या आतला तडकलेला सोल्डर यांच्यावर माझा पहिला संशय. पावसातच होत असेल तर फ्यूजबॉक्समध्ये किंवा कपलरमध्ये पाणी उतरतंय. दार किंवा डिकी उघड-बंद केल्यावर होत असेल तर बिजागरीजवळचं रबरी बूट मागे सरकवून बघा. तिथे तारा रोज वाकतात, बरेचदा वरचं प्लास्टिक शाबूत असतं आणि आतलं तांबं तुटलेलं.

आता महत्त्वाचं. बॉनेट उघडल्या उघडल्या कपलर ओढायला सुरुवात करू नका. कपलर काढून परत लावला की पिना एकमेकींवर घासून साफ होतात, बिघाड काही दिवस गायब होतो, आणि नेमका कोणता कपलर होता ते कधीच कळत नाही. बॅटरीही लगेच सोडवू नका, काही गाड्यांत संगणकात साठलेले बिघाडाचे कोड त्याने पुसले जातात. पहिल्यांदा स्कॅनर लावून कोड आणि फ्रीझ फ्रेम लिहून घ्या. कोड आला तेव्हा इंजिनचं तापमान, आरपीएम आणि वेग किती होता ते त्यात मिळतं. मालकाच्या आठवणीपेक्षा ही नोंद पक्की.

बॅटरीचे टर्मिनल मात्र गाडी बंद असताना हाताने पिळून बघायलाच हवेत. हाताने फिरला तर तो घट्ट नाही, बोल्ट कितीही आवळलेला दिसो. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गाडी बंद ठेवून दोन-चार तासांनी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. नव्या गाड्यांत चार्जिंग संगणक कमी-जास्त करतो, तेव्हा एकदाच आकडा बघून अल्टरनेटरवर खापर फोडू नका.

मग बिघाडाला बोलवायचं. एकजण आत बसून बघतो, दुसरा वायरिंगचा जुडगा थोडा थोडा हलवत पुढे जातो. मल्टिमीटरला मिन-मॅक्स (सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा धरून ठेवणारी सोय) असेल तर तो लावून ठेवा, डोळ्याला न दिसणारा क्षणभराचा झटका त्यात नोंदला जातो. उष्णतेचा संशय असेल तर हेअर ड्रायर, ओलाव्याचा असेल तर पाण्याचा बारीक फवारा. एका वेळी एकच जागा, नाहीतर कशाने काय झालं तेच कळायचं नाही. इंजिन चालू असेल तर पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात आणि सैल बाह्या लांब ठेवा. पंखा आपोआप सुरू होतो, सांगून होत नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो तार सलग आहे असं सांगणारा मल्टिमीटरचा बझर. तारेच्या वीस धाग्यांपैकी एकोणीस तुटले आणि एकच उरला, तरी बझर वाजतो, कारण त्याला अगदी नगण्य करंट लागतो. हेडलाइटच्या ५५ वॉटच्या बल्बला साडेचार अँपिअरच्या आसपास लागतो, तो त्या एका धाग्यातून नीट जात नाही. त्यामुळे तपासणी लोडवरच, म्हणजे दिवा किंवा मोटर चालू ठेवूनच करायची. समजा मागचा दिवा मधूनच मंद होतो आणि ब्रेक दाबला की शेजारचा इंडिकेटरही अंधुक पेटतो. बल्ब बदलत बसू नका, हे अर्थिंगचं लक्षण आहे. करंटला परतीचा सरळ रस्ता नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. ब्रेक दाबून धरा, मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन दिव्याच्या अर्थच्या टोकाला. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर तारेच्या वाटेने बॉडीवरच्या बोल्टपर्यंत जा. बहुधा त्याच्याखाली रंग नाहीतर गंज सापडेल. खरवडून स्वच्छ धातू काढा, आवळा आणि पुन्हा मोजा.

मधूनच फ्यूज उडत असेल तर फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांत वायरी जोडून हेडलाइटचा बल्ब लावायचा. शॉर्ट झाला की बल्ब झगझगीत पेटतो आणि करंटही मर्यादेत राहतो. आता तारा हलवत चला. बल्ब लुकलुकला की जागा सापडली. त्या सर्किटचा लोड चालू असेल तरी तो मंद पेटेल, म्हणून आधी स्विच बंद करा. संगणकाच्या किंवा एअरबॅगच्या फ्यूजवर हा प्रयोग नको. आणि १० अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी टाकणारा माणूस गाडीला आग लावायची तयारी करत असतो.

एकमेकांशी संबंध नसलेल्या चार सेन्सरांचे कोड एकदम आले, तर त्यांना मिळणारा ५ व्होल्टचा सप्लाय मोजा. तो पडलेला असेल, तर मीटर लावून ठेवून एकेक सेन्सर सोडवा. ज्याला सोडवल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो सेन्सर किंवा त्याची तार दोषी. कपलर ओढण्याची वेळ ही, कारण बिघाड आता समोर हजर आहे.

पिवळ्या कपलरना, म्हणजे एअरबॅगच्या वायरिंगला, घरी हात लावू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलनाही नाही.

दुरुस्ती करताना तारेच्या वेष्टनात सुई टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरून तांबं हिरवं पडतं. पिना ढिल्या वाटल्या तर त्याच मापाची सुटी पिन आत घालून ओढून बघा. नुसती निसटली तर ते टर्मिनल बदलायचं. मीटरची जाड पिन आत कोंबलीत तर चांगलं टर्मिनलही सैल होईल. बिजागरीतली तार जोडताना जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर घ्या आणि सगळे जोड एकाच ठिकाणी येऊ देऊ नका. शेवटी ज्या फवाऱ्याने किंवा ड्रायरने बिघाड आला होता तोच पुन्हा वापरा, आणि काढलेला प्रत्येक क्लिप जागेवर बसवूनच बॉनेट लावा.