सिकलसेलचं दुखणं आणि नोकरी: नागपुरात नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

विदर्भात सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार कुणाला नवा नाही, पण एएस आणि एसएस यांतला फरक ऑफिसात समजावून सांगावाच लागतो. एएस म्हणजे फक्त वाहक, एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला. वाहकाला रोजच्या कामात सहसा अडचण येत नाही. एसएसमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे प्राणवायू पोचत नाही आणि हाडं ठणकू लागतात. हाच क्रायसिस. पुढचं सगळं एसएसवाल्यांसाठी आहे.

पहिली गोष्ट पाण्याची, आणि नवीन माणूस इथेच चुकतो. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, त्यामुळे लघवीला वारंवार जावं लागतं. नव्या नोकरीत लाइन सोडायला संकोच वाटतो, संडास लांब असतो, बायकांसाठीचा तर कधी कधी कुलूपबंदच. मग माणूस पाणीच कमी पितो. शरीरातलं पाणी घटलं की पेशी जास्त वाकतात आणि कंबर, मांड्या धरतात. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसाला साधारण तीन लिटर धरा, मे महिन्यात त्याहून जास्त. लिटरची बाटली जवळ ठेवा: एक जेवणाच्या सुट्टीआधी संपवायची, दुसरी शिफ्ट सुटण्याआधी, तिसरी घरी. मुलाखतीला जाल तेव्हाच संडास कुठे आहे आणि तास-दीड तासाने जागेवरून उठता येतं का, हे बघून या. पगाराच्या आकड्याइतकंच हे महत्त्वाचं आहे.

दुसरा शत्रू थंडी, आणि नागपुरात ती मे महिन्यातही गाठते. बाहेर 45 अंश, आत एसी 20 वर, अंगात घामाने भिजलेला शर्ट आणि खुर्ची नेमकी झोताखाली. बदलायला एक शर्ट बॅगेत ठेवा, दहा मिनिटं लॉबीत थांबून मग आत जा, जागा बदलून मागा. डिसेंबरात पहाटेच्या शिफ्टला दुचाकी टाळलेली बरी. मिहानसाठी खापरीपर्यंत, हिंगण्याच्या एमआयडीसीसाठी लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो जाते. बुटीबोरीवाल्यांनी कंपनीची बस आपल्या भागातून जाते का, ते रुजू होण्याआधी विचारावं.

नोकरी बहुतेकदा जाते ती दुखण्यामुळे नाही, न कळवता पडलेल्या खाड्यांमुळे. म्हणून ऑफर लेटर हातात आल्यावर, रुजू होण्याआधी लेखी कळवा. मजकूर छोटा असावा: ‘मला सिकलसेल आहे. अधूनमधून अचानक काही दिवस तीव्र दुखतं. तसं झाल्यास शिफ्टच्या आधी फोन करीन. पाण्याची बाटली, मधे लघवीला जायची मुभा आणि एसीच्या झोतापासून लांबची जागा हवी.’ आजाराचा इतिहास सांगत बसू नका. साहेबाला काय करायचं तेवढं कळलं की पुरे. फॉर्मवर आजाराबद्दल थेट विचारलं असेल तर ‘नाही’ लिहू नका, खोट्या माहितीवरून काढणं सोपं जातं.

साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी मधल्या वारी मागून बघा. हायड्रॉक्सीयुरिया (क्रायसिस कमी करणारं औषध) चालू असेल तर ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं, आणि मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची नेहमीची ओपीडी रविवारी नसते. कमी पाण्यावर डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेऊन शिफ्ट रेटणं मूत्रपिंडाला महाग पडतं. ताप 101 फॅरनहाइटच्या वर, छातीत दुखून दम लागणं, किंवा एकाएकी हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यांत शिफ्ट संपायची वाट बघायची नाही.

महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतं. आजारपणात 70 टक्के मजुरी, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. अट अशी की सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि नव्या कामगाराला हा हक्क सुरू व्हायला साधारण नऊ महिने लागतात. तोवर किरकोळ रजा जपून वापरा. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे ईएसआयकडून मिळत नाहीत. मात्र आधीच्या आजारपणानंतर 15 दिवसांच्या आत पुन्हा पडलात तर ही अट लागत नाही. खाजगी डॉक्टरची चिठ्ठी पुरत नाही, ईएसआय दवाखान्याचं प्रमाणपत्रच लागतं.

दिव्यांगत्वाबद्दल गोंधळ फार आहे. 2016 च्या कायद्याच्या यादीत सिकलसेल आहे, पण सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाच्या गटांत रक्ताचे आजार नाहीत. खुब्याचं हाड झिजून चालण्यात दोष आला असेल आणि तो 40 टक्के किंवा अधिक भरला, तर अस्थिव्यंग गटातून अर्ज करता येतो. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी नोंदणी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर होते. तपासणीला इलेक्ट्रोफोरेसिसचा (एएस की एसएस ते सांगणारी रक्ततपासणी) रिपोर्ट, खुब्याचा एक्स-रे किंवा एमआरआय आणि रक्त चढवल्याच्या नोंदींसह सगळी डिस्चार्ज कार्डं न्या. ऑफिसात फक्त झेरॉक्स द्या, मूळ कागद घरी ठेवा.