घरी चेतकचं इंजिन बांधताय? या चुका टाळा

काकांची ८७ सालची बजाज चेतक स्कूटर अकरा वर्षं पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती. मी ती बाहेर काढली, पन्नासेक किका मारल्या, घाम पुसला आणि पहिल्याच रविवारी इंजिन खाली उतरवलं. पिस्टन बघितला तर जवळजवळ निर्दोष. रिंगा मोकळ्या, सिलिंडरला ओरखडा नाही. मग सायलेन्सर आपटला, तेव्हा आतून वाळलेल्या मातीचं ढेकूळ पडलं. कुंभारीण माशीने नळीत घर बांधलं होतं. धूर जायला वाट नाही, तर पेट्रोल-हवेचं नवं मिश्रण आत येणार कसं?

तेव्हा पहिली चूक ही की न बघता पाना हातात घेणं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये बहुतेक वेळा कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, वाळलेल्या पेट्रोलच्या डिंकाने बुजलेला असतो, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर गंज चढलेला असतो किंवा सायलेन्सर काजळीने भरलेला असतो. प्लग काढा, भोकावर अंगठा दाबून धरा आणि कुणाला तरी किक मारायला सांगा. अंगठा फटकन उडाला तर वरचं, म्हणजे पिस्टन-सिलिंडरचं काम आत्ता काढू नका. हवा नुसती फुसफुसली, तर मात्र चला पुढे.

पिस्टन आधी, टर्नर नंतर

चेतकचं इंजिन १४५ सीसीचं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तीही ५७. सिलिंडर झिजला की तो आतून कातून थोडा मोठा (रिबोअर) करायचा आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन घालायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती क्रमात. लोक ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, लेथवाल्या टर्नरकडे टाकून येतात, 'पन्नासचा बोअर करून ठेवा' म्हणतात आणि मग पुण्याच्या नाना पेठेत पिस्टन शोधत फिरतात. पन्नासचा म्हणजे अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज; पण दोन कंपन्यांचे 'पन्नासचे' पिस्टन मायक्रोमीटरखाली हुबेहूब सारखे भरतील याची खात्री कुणी देत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन आणि भिंत यांच्यातली जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. कमी पडली तर गाडी तापली की इंजिन जाम, जास्त झाली तर खडखड. म्हणून पिस्टन घ्या, तो आणि त्याच्या डबीवर लिहिलेला क्लिअरन्स टर्नरच्या हातात द्या, आणि त्या पिस्टनला बोअर करा म्हणून सांगा.

ब्लॉक परत आला की पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडांवरून बोट फिरवा. बोअर केल्यावर त्या कडा पात्यासारख्या होतात. चांगला टर्नर त्या हलक्या हाताने मोडून देतो, घाईतला विसरतो. तशा कडेवर रिंग अडकली की तुटते आणि तुकडा नव्या कोऱ्या भिंतीवर रेघा ओढत जातो. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. टोकं एकमेकांना भिडत असतील, तर तापल्यावर रिंग फुगायला जागाच राहत नाही.

पिस्टनच्या माथ्यावर बाण असतो. त्याचं तोंड एक्झॉस्टकडे. उलटा बसवला तर रिंगांची तोंडं नको त्या पोर्टवरून जातात. हे वाचताना हसू येईल, पण रात्री साडेअकराला बल्बच्या उजेडात काजळलेल्या हातांनी कुणालाही होईल.

ज्याकडे कुणी बघत नाही ते ऑइल सील

माझं इंजिन दुसऱ्यांदा उघडावं लागलं ते यापायीच. पिस्टन निर्दोष, बोअर झकास, गाडी सुरूही झाली. पण ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येईना. उलट चढत गेला. मी स्क्रू पिळत बसलो, जेट बदलला, कार्बोरेटर तीनदा धुतला. शेवटी गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. लांबूनच ऐकून म्हणाले, "अरे, ती खालून हवा ओढतेय. बंद कर आधी, पिस्टनला भोक पाडशील."

टू-स्ट्रोक इंजिनचा खालचा भाग म्हणजे क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) फिरण्यापुरती पोकळी नसते, तो एक पंप असतो. पिस्टन वर गेला की खाली पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढलं जातं, खाली आला की ते दाबून वर ढकललं जातं. हा पंप हवाबंद राहतो तो क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या दोन रबरी सीलांवर. अकरा वर्षं कोरडं पडलेलं रबर कडक होतं आणि त्याची ओठासारखी कडा शाफ्टला चिकटून राहत नाही.

मॅग्नेटच्या, म्हणजे चुंबक आणि पंखा असलेल्या फिरत्या चाकाच्या, बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, आवाज चढतो, पिस्टन तापतो. मॅग्नेट काढल्यावर मागची प्लेट तेलकट ओली दिसली, तर दुसरा पुरावा नको. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं. गाडी मागे पांढऱ्या धुराचे लोट सोडते, प्लग वारंवार ओला होतो आणि गिअर ऑइल कुठेही न गळता कमी होत जातं. पुष्कळ जण या धुराला 'टू-टी (पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) जास्त पडलं' म्हणतात आणि ऑइल कमी करतात. मग इंजिन जाम होतं ते वेगळंच.

केसिंग, म्हणजे इंजिनचं बाहेरचं कवच, फोडलंच असेल, तर दोन्ही सील बदला. जुनं 'बरं दिसतंय' म्हणून ठेवू नका. नवं बसवताना स्प्रिंगची बाजू क्रँकच्या पोकळीकडे, ओठाला ऑइल लावून. शाफ्टवर चावीचा खाचा असतो; त्याची धार नव्या सीलाला कापते. खाच्यावर सेलोटेपचा एक वेढा द्या, सील सरकवा, मग टेप काढा.

हातोडी, स्क्रूड्रायव्हर आणि उडालेला लॉक

मॅग्नेट पुलरनेच (तो ओढून काढायच्या हत्यारानेच) निघतो. हातोडीने ठोकलात तर पंख तुटतात, चुंबक कमजोर होतो, क्रँकही वाकतो. पॉइंटवाल्या जुन्या मॉडेलात आतली प्लेट काढण्याआधी तिच्यावर आणि केसिंगवर एकच रेघ ओढा. ही रेघ विसरलात तर ठिणगीचं टायमिंग अंदाजाने लागतं, आणि किक उलटी आली की पोटरीला कळतं.

केसिंगच्या दोन फाका स्क्रूड्रायव्हर खुपसून उकलू नका. ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा म्हणजे हवेला नवी वाट. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा, हातात धरून वर-खाली हलवून बघा. बाजूला थोडी हलणार, ते चालतं. वर-खाली खुटखुटली तर क्रँक प्रेसवाल्याकडे द्यायचा. ते काम घरचं नाही, कितीही व्हिडिओ बघितलेत तरी.

गजन पिनचे (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचे) लॉक दर वेळी नवे घ्या, आणि ते बसवण्याआधी केसिंगच्या तोंडात फडकं कोंबा. माझा एक लॉक टिंग करून उडाला तो नेमका आत. तो काढायला चुंबक, तार आणि अख्खी दुपार गेली.

जुन्या बाजारात अर्धं केसिंग स्वस्तात मिळतं. घेण्याआधी लक्षात ठेवा, इंजिन नंबर केसिंगवर ठोकलेला असतो. आरसी बुकातल्या नंबराशी तो जुळला नाही, तर आरटीओत उत्तर द्यायला तुम्हीच उभे राहणार.

सुरू झाली, आता?

सिलिंडरवरचं पत्र्याचं कव्हर लावल्याशिवाय पाच मिनिटंसुद्धा चालवू नका. मॅग्नेटचा पंखा हवा फेकतो, पण ती सिलिंडरवरून नेण्याचं काम हे कव्हर करतं. आवाज ऐकायला म्हणून ते काढून ठेवणारे लोक नवा पिस्टन जाळतात.

पेट्रोल पंपावर ऑइल मिसळलेलं पेट्रोल देणारा वेगळा पंप आता दिसत नाही, त्यामुळे माप आपल्या हाती. लिटरला २० मिलि टू-टी, नव्या बोअरला सुरुवातीची एक-दोन टाकी थोडं जास्त. टाकीत वरून ओतून गाडी हलवू नका, डब्यात मिसळूनच ओता. पहिले काही दिवस चढाला दामटवू नका, पण एकाच वेगाने रेंगाळतही ठेवू नका.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करतं, म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे वायसर नवेच टाका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. आणि सायलेन्सर गार झाला की त्याच्या तोंडात एक लाल चिंधी कोंबा. लाल अशासाठी, की किक मारण्याआधी ती दिसली पाहिजे. आमच्या पार्किंगमध्ये कुंभारीण दर वर्षी येते.