गिटहब डेस्कटॉपमध्ये कमिट करताना सगळं एकदम ढकलू नका

गिटहब म्हणजे कोड ठेवण्याची ऑनलाइन जागा आणि गिटहब डेस्कटॉप म्हणजे तिथे बदल पाठवण्याचं ॲप. एडिटरमध्ये फाईल सेव्ह केली की ती या ॲपच्या डावीकडच्या ‘चेंजेस’ टॅबमध्ये आपोआप दिसते. आता खाली समरी (बदलाचा एका ओळीतला सारांश) लिहा आणि कमिटचं, म्हणजे बदलांची नोंद करण्याचं, निळं बटण दाबा, एवढंच सांगून बहुतेक जण मोकळे होतात. पण यादीतल्या प्रत्येक फाईलपुढे टिक आधीच लागलेली असते. ती न तपासता बटण दाबलं की अर्धवट काम, तपासणीसाठी टाकलेल्या ओळी, पासवर्डची फाईलसुद्धा कमिटमध्ये जाते.

म्हणून एकेका फाईलवर क्लिक करून उजवीकडे फरक वाचा. लाल ओळ गेलेली, हिरवी आलेली. नको त्या फाईलची टिक काढा. जी कधीच जायला नको, तिच्यावर राइट-क्लिक करून ‘इग्नोर फाईल’ निवडा. फाईल पूर्वीच कमिट झाली असेल तर मात्र इग्नोरचा काही उपयोग होत नाही.

खरी गोची एकाच फाईलमध्ये दोन वेगळी कामं असतात तेव्हा होते. तिथे ओळ क्रमांकावर क्लिक करून नको ती ओळ वगळायची. निळा रंग गेला की ओळ वगळली गेली. बदललेली ओळ लाल-हिरव्या जोडीने दिसते. जोडीतली फक्त हिरवी वगळलीत तर जुनी ओळ पुसली जाईल आणि नवी येणारच नाही. तुमच्या मशीनवर सगळं नीट चालेल, सहकाऱ्याकडे मात्र कोड बंद पडेल. जोडी नेहमी एकत्र घ्या किंवा एकत्र सोडा. ओळी निवडताच येत नसतील तर ‘हाइड व्हाइटस्पेस’ चालू आहे का बघा. तो पर्याय चालू असताना निवड बंद असते.

‘डिस्कार्ड चेंजेस’ म्हणजे टिक काढणं नव्हे. त्याने तुमचं कामच पुसलं जातं.

समरी साधारण 50 अक्षरांत, काय बदललं ते सांगणारी हवी. ‘अपडेट’ किंवा ‘फिक्स’ एवढंच लिहू नका. सहा महिन्यांनी त्यावरून कुणालाच काही कळत नाही.

कमिट करा. चूक लगेच दिसली तर खालचं ‘अनडू’ दाबा, बदल परत यादीत येतात. मग ‘पुश ओरिजिन’ दाबून कमिट गिटहबवर पाठवा. 100 एमबीपेक्षा मोठी फाईल गिटहब घेत नाही. पुश झाल्यावर ‘अनडू’ मिळत नाही. तेव्हा ‘हिस्टरी’त त्या कमिटवर राइट-क्लिक करून ‘रिव्हर्ट’ करा, म्हणजे ते बदल उलटवणारं नवं कमिट तयार होतं. पासवर्ड गेला असेल तर रिव्हर्टवर विसंबू नका, तो इतिहासात वाचता येतोच. आधी पासवर्ड बदला.