पहिला अल्बम रेकॉर्ड करताय? 'नेव्हरमाइंड' ऐकून होणाऱ्या या चुका टाळा

डिचोलीच्या आमच्या कौलारू घरातल्या मागच्या खोलीत मी बँड रेकॉर्ड करतो. फोंडा, सांखळी, पेडणे, म्हापसा, कुठून कुठून मुलं येतात. गाणी स्वतःची, बहुतेक मराठीत. आणि दर दुसऱ्या बँडच्या मोबाइलवर नमुना म्हणून एकच अल्बम असतो, अमेरिकी रॉक बँड निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड'. "दादा, असा आवाज हवा. कच्चा, रागीट."

तो अल्बम कच्चा नाही. जवळजवळ सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

त्यांचा पहिला अल्बम 'ब्लीच' खरोखर कच्चा होता. सुमारे ३० तासांत, ६०६ डॉलर १७ सेंटमध्ये झालेला. 'नेव्हरमाइंड'ची तयारी मात्र एप्रिल १९९० पासून चालली होती. तेव्हा मॅडिसनच्या स्मार्ट स्टुडिओत निर्माता बुच विगबरोबर गाणी एकदा रेकॉर्ड झाली. मग ड्रमर बदलला, डेव्ह ग्रोल आला. टॅकोमातल्या एका कोठारात महिनोन्‌महिने सराव झाला आणि मे १९९१ मध्ये बँड लॉस एंजेलिसच्या साउंड सिटी स्टुडिओत शिरला. तोवर बहुतेक गाण्यांची चौकट हाताखालून शेकडो वेळा गेली होती. आपल्याकडे मुलं अर्धं कडवं घेऊन येतात आणि "इथंच सुचेल" म्हणतात. सुचत नाही. तासाचे पैसे मोजत सुचणं कठीणच असतं.

म्हणून खोलीत येण्याआधी अख्खा सराव मोबाइलवर एका दमात रेकॉर्ड करा आणि दोन दिवसांनी ऐका. जिथं तुमचाच हात गाणं पुढं ढकलायला जातो, तिथं चार ओळी जास्त आहेत. दुसरं, जुना चांगला टेक (एका दमात वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग) फेकू नका. 'नेव्हरमाइंड'वरचं 'पॉली' हे १९९० च्या स्मार्ट स्टुडिओतलंच रेकॉर्डिंग आहे, जुन्या ड्रमरच्या झांजेसकट. नव्यानं वाजवून ते सुधारलं नसतं, म्हणून तसंच ठेवलं गेलं.

आता गिटार. जाड आवाज हवा म्हणून मुलं अँपचा गेन (आवाज फाटका, जाड करणारं बटण) शेवटपर्यंत फिरवतात. खोलीत अंगावर येतो तो आवाज, पण रेकॉर्डिंगमध्ये माशी घोंगावल्यासारखा पातळ होतो, कारण जास्त गेनमध्ये तारेवरचा आघातच दबून जातो. गेन निम्मा करा आणि तोच भाग दोनदा वाजवा, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोनदा वाजवा म्हणतोय. पहिलाच ट्रॅक कॉपी करून दुसऱ्या बाजूला ठेवला तर आवाज फक्त मोठा होतो, रुंद होत नाही. दोन हातांच्या वाजवण्यातला बारीक फरक हीच ती रुंदी.

गायकांची हरकत वेगळी. "दोनदा गायलं की खोटं वाटतं." निर्वाणाचा गायक कर्ट कोबेनलाही हेच वाटत होतं. विगनं त्याला सांगितलं की जॉन लेननही असंच करायचा, आणि मग तो गायला. आमच्या भजनात मुख्य गायकाच्या मागून साथीदार तोच चरण उचलतात, त्यात कुणाला खोटेपणा दिसत नाही. पूर्ण गाण्यात नको असेल तर धृपदापुरतं करा.

एका अँपसमोर दोन माइक लावले आणि आवाज पोकळ झाला, तर इक्वलायझरला हात लावू नका. एका ट्रॅकची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटवा आणि मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐका. ज्या स्थितीत खर्ज भरतो ती ठेवा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, त्यामुळे माइक वीतभर सरकवला तरी फरक पडतो.

ज्या चुकीवर मी सगळ्यात जास्त रात्री घालवल्या, ती सुराची. गेल्या पावसाळ्यात एका बँडनं अकूस्टिक गिटार आणि गाणं आधी रेकॉर्ड केलं, ट्यूनर न लावता, कानानं. टेक सुंदर होता, डोळ्यांत पाणी आणणारा. मग त्यांना त्यावर देवळातल्या भजनी मंडळाची पेटी हवी झाली. पेटी आली, पहिला सूर धरला आणि सगळे गप्प झाले. गिटार पेटीपेक्षा जवळजवळ पाव स्वर खाली होती. पेटीचे सूर पत्तीत घट्ट बसवलेले, ती हलणार नाही. टेक पुन्हा घ्यावा लागला आणि पहिल्यातलं जे होतं ते परत आलं नाही.

'नेव्हरमाइंड'च्या शेवटच्या 'समथिंग इन द वे'मध्ये हाच पेच पडला होता. कोबेननं ते नियंत्रण कक्षातल्या सोफ्यावर पडून, पाच तारांच्या बेसूर गिटारवर, कुजबुजत गायलं. बेस आणि ड्रम नंतर त्यावर चढवावे लागले, ताल मोजायला क्लिक (हेडफोनमधला ठरावीक लयीचा ठोका) नसताना. चेलोवाल्यालाही त्या गिटारशी सूर जुळवताना झगडावं लागलं. त्यांनी टेक वाचवला, कारण बाकीची वाद्यं त्याच्याकडे वाकवता आली. तुमच्या गाण्यात पेटी असेल तर उलट करा. सगळ्यात आधी पेटीचा षड्ज मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, ट्यूनरवर ती ४४० हर्ट्झच्या नेहमीच्या मापापेक्षा किती वर-खाली आहे ते बघा, आणि पूर्ण बँडचे ट्यूनर त्याच मापावर आणा. जुन्या पेट्या सहसा चोख ४४० वर नसतात.

पावसात गिटारचं लाकूड फुगतं, तारा गंजतात. वाद्य आदल्या रात्री रेकॉर्डिंगच्या खोलीतच ठेवा आणि प्रत्येक टेकआधी सूर तपासा, दर तासाला नव्हे. कौलांवर सर कोसळत असताना आवाज घेऊ नका. आषाढात इलेक्ट्रिक गिटार आणि बेस माइकशिवाय, थेट केबलनं घ्यावेत, गाणं चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर. सकाळच्या टेकमध्ये पदेराचा (पाववाल्याचा) भोंपू शिरतो, तो गेल्यावरच माइक उघडा.

रेकॉर्डिंगमध्ये विजेची गुणगुण येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. थांबली तर दोष त्यातच. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावरून चालवा, इन्व्हर्टर दूर ठेवा. जुन्या घरांत अर्थिंग नीट नसतं, ते वायरमनकडून करून घ्या. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका. माइकला ओठ लागलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे तो.

तालाचं एकच सांगतो. 'नेव्हरमाइंड'वरच्या 'लिथियम'मध्ये ड्रम पुढं पळत होते, तेव्हा विगनं ग्रोलला क्लिक लावून दिला. पळणाऱ्या गाण्याला क्लिक लावा, चालणाऱ्या गाण्याला नको.

मित्राच्या लॅपटॉपवर गाणं अचानक घाईत आणि दीड स्वरपट्टी वर वाजू लागलं, तर ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचा (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते माप) प्रोजेक्ट ४८ वर उघडलाय. तीन मिनिटांचं गाणं २ मिनिटं ४५ सेकंदांत संपेल. दोन्हीकडचा सॅम्पल रेट पहिल्याच दिवशी कागदावर लिहा.

मिक्स (सगळे ट्रॅक जुळवून एक गाणं करणं) शक्यतो ज्यानं रेकॉर्ड केलं त्यानं करू नये. 'नेव्हरमाइंड'चा मिक्स अँडी वॉलेसकडे गेला. महिनाभर तेच ऐकून थकलेला कान खरं सांगत नाही. कोबेननं पुढं त्या गुळगुळीतपणाबद्दल नाराजी बोलून दाखवली आणि तिला माझ्या मनात जागा आहे. पण जानेवारी १९९२ मध्ये तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला, तो त्या मिक्ससह. माझं मत, परक्या कानाकडे द्या आणि आवडलं नाही तर तोंडावर सांगा.

श्रेयाचा कागद अपलोडच्या आधी करा. शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्के किती, सगळ्यांच्या सह्या.

आणि अंतिम फाइल हेडफोन लावून पहिल्या सेकंदापासून शेवटच्या शांततेपर्यंत ऐका, चाळत नव्हे. 'नेव्हरमाइंड'च्या शेवटी, लांब शांततेनंतर, एक लपलेलं गाणं असायला हवं होतं. मास्टरिंगमधल्या (छपाईआधीच्या शेवटच्या तयारीतल्या) चुकीनं ते पहिल्या प्रतींत आलंच नाही, आणि त्या प्रती दुकानांत गेल्या होत्या.